ओढणारा पन्नास एचपीचा, थांबवणारा कोण?

आमच्याकडे नवा ट्रॅक्टर दारात आला की पेढा तोंडात जायच्या आधी प्रश्न येतो, "कितला एचपीना शे?" दुसरा प्रश्न, "भरेल ट्रॉली घाट चढी जाई का?" तिसरा प्रश्न मायलेजचा. भरलेली ट्रॉली घेऊन घाट उतरताना काय होईल, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. दुकानातल्या माणसानेही नाही. त्याने बंपर, हूक, म्युझिक सिस्टीम आणि वर छत्री एवढं आवर्जून विचारलं.

माझं गाव धुळे तालुक्याच्या दक्षिण अंगाला, आर्वीच्या पुढे. शेतात कपाशी, मका आणि पाणी असेल त्या वर्षी कांदा. माल जातो धुळ्याला, म्हणजे मुंबई–आग्रा महामार्गाने लळिंगचा घाट उतरून. बाहेरच्या माणसाला हा घाट वाटणारसुद्धा नाही. किल्ल्याकडे बघत बघत कार खाली उतरते. पण मागे साठ क्विंटल मका असला की तोच रस्ता वेगळा असतो. माल न्यायचा उतारावर आणि रिकामं यायचं चढावर, ही आमची रचना. म्हणून एचपी हा माझ्यासाठी दुसऱ्या नंबरचा प्रश्न आहे.

यंदा कांद्याचे थोडे पैसे हातात होते. घरात चर्चा अशी होती की जुना ट्रॅक्टर देऊन साठ एचपीचा घ्यावा. मी म्हटलं, आहे त्याच ट्रॅक्टरला आणि ट्रॉलीला आधी नीट करू. त्यात काय काय केलं आणि का केलं, ते इथे लिहितोय. आमच्या भागातले बरेच जण हेच करू शकतील, म्हणून.

सुरुवात भुईकाट्यावर झाली. जिनिंगच्या काट्यावर माल मोजतात तसा नुसता ट्रॅक्टर मोजला. मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून मोजला. काटेवाला म्हणाला, "ट्रॅक्टर विकी टाकना का भाऊ?" एकूण भरला २२ क्विंटल, त्यातले मागच्या चाकांवर १४ आणि पुढच्यांवर ८. रिकामी चार चाकी ट्रॉली १८ क्विंटल. तिच्यात साठ क्विंटल मका टाकला की सगळं मिळून १०० क्विंटल. गोल आकडा निघाला म्हणून हिशेबाला बरं.

आता ब्रेक कुठे आहेत ते बघा. आपल्या साध्या टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. पुढच्या चाकांना नाही. ट्रॉलीला चार चाकं, त्यातल्या एकालाही नाही. म्हणजे १०० क्विंटलचं धूड थांबवायचं ते १४ क्विंटल भार असलेल्या दोन चाकांनी. तेलातले ब्रेक असोत की कोरडे, चाक रस्त्याला जेवढं धरेल त्याच्यापेक्षा जास्त ब्रेक लागत नाही. चाक घसरलं की संपलं.

माझी भाची धुळ्यात इंजिनिअरिंग करते. तिला हे आकडे दिले आणि म्हटलं, मांड बाई. कोरड्या डांबरावर चाक आपल्यावरच्या भाराच्या सत्तर टक्के जोर धरतं असं तिने धरलं. म्हणजे थांबवणारा जोर जेमतेम दहा क्विंटल. ताशी ३० किलोमीटरवर नुसता ट्रॅक्टर ८ मीटरमध्ये थांबतो. तोच ट्रॅक्टर भरल्या ट्रॉलीसकट सपाट रस्त्यावर ३६ मीटर घेतो. वीस फुटाला एक फूट असा उतार धरला तर १०० क्विंटलचं वजन मागून ५ क्विंटलच्या जोराने ढकलतं. आपल्या दहातले पाच तिथेच गेले. मग अंतर होतं ७० मीटरच्या वर. वेग ४० केला तर १३० मीटर. आणि पाय ब्रेकवर पोचेपर्यंतचा एक सेकंद यात धरलेला नाही.

"मामा, हा हिशेबही ट्रॅक्टरच्या बाजूने झुकवलाय," ती म्हणाली. ब्रेक दाबला की वजन पुढे सरकतं, मागच्या चाकांवरचा भार आणखी कमी होतो. तो तिने सोडून दिला होता.

मग तिने पावसाचा आकडा घातला. आमच्या काळ्या मातीचा चिखल शेतातून टायरला चिकटून डांबरावर येतो आणि वर पाऊस पडला की रस्ता साबण लावल्यासारखा होतो. तिथे सत्तरच्या जागी तीस टक्के धरा. थांबवणारा जोर ४.२ क्विंटल, ढकलणारा ५. "या आकड्यात गाडी थांबतच नाही," एवढं बोलून तिने वही माझ्याकडे सरकवली.

आबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "आपली बैलगाडीले कधी ब्रेक व्हता का रे?" नव्हता. पण उतारावर बैल मानेने जू मागे रेटायचे, मागचे पाय रोवून गाडी अंगावर घ्यायचे. आबांनीच मला लहानपणी गाडीवरून उतरून चाक धरायला लावलंय. ट्रॉलीला ना मान, ना पाय. ती फक्त ढकलते.

तर पहिला खर्च ट्रॉलीच्या ब्रेकवर. याचे दोन प्रकार मी पाहिले.

एक म्हणजे धक्क्याचा ब्रेक. ट्रॉलीच्या दांड्यात सरकणारा भाग असतो. ट्रॅक्टर हळू झाला की ट्रॉली पुढे रेटते, दांडा आत जातो आणि त्याच दाबाने ट्रॉलीचे ब्रेक लागतात. ट्रॅक्टरला काही जोडायला लागत नाही, कुठल्याही ट्रॅक्टरमागे चालते. पण दोन अडचणी. मागे घेताना दांडा दबतो आणि ब्रेक लागून बसतो, म्हणून खाली उतरून खिट्टी घालावी लागते. आणि लांब उतारावर ट्रॉली सतत रेटत असते, म्हणून ब्रेक सतत थोडा थोडा लागलेला राहतो आणि ड्रम तापतात. तापलेला ब्रेक धरत नाही. सपाट भागात, शिरपूरकडे किंवा शिंदखेड्याकडे, हा प्रकार चांगला. माझा रोजचा रस्ता उताराचा, म्हणून मी तो सोडला.

दुसरा प्रकार पेडलवर चालणारा. ट्रॅक्टरच्या ब्रेक पेडलला जोडून आणखी एक मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की तेल पुढे ढकलणारी नळकांडी, बसवायचा, तिथून तेलाची नळी मागे ट्रॉलीपर्यंत, मध्ये सुटणारं-जुळणारं कपलर. ट्रॉलीला जुन्या ट्रकचा मागचा अ‍ॅक्सल टाकला, ड्रम आणि त्याला आतून घासून चाक धरणाऱ्या लायनरसकट. आमच्याकडच्या निम्म्या ट्रॉल्यांना तसाही भंगारातला ट्रकचा अ‍ॅक्सल असतो. गंमत अशी की बांधणारे त्यातले ब्रेक काढून टाकतात आणि रिकामा हब बसवतात. मी मिस्त्रींना म्हटलं, काढू नका, तेच तर हवंय. ते वेल्डिंगचा चष्मा कपाळावर घेऊन बघत राहिले. म्हणाले, "ट्रॉलीले ब्रेक? गिऱ्हाईक हौद मोठा कर म्हणस, पाटा वाढाव म्हणस. ब्रेक कोनी मांगना नही." हौद म्हणजे माल भरायची पेटी, पाटा म्हणजे तिच्याखालची स्प्रिंग.

ट्रॉलीच्या मागच्या अ‍ॅक्सलवर भरल्यावर चाळीस क्विंटलच्या आसपास भार येतो. म्हणजे रस्ता धरायची ताकद ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्या जवळपास तिप्पट तिथे पडून होती, आणि आपण ती वापरतच नव्हतो.

यात मिस्त्रींनी दोन गोष्टी फार बारकाईने केल्या, त्यांना मानलं पाहिजे. पहिली, ट्रॉलीचा ब्रेक ट्रॅक्टरच्या ब्रेकच्या किंचित आधी लागेल असं पेडलचं अंतर ठेवलं. आधी ट्रॅक्टर थांबला तर मागची ट्रॉली त्याला तिरकं ढकलते, ट्रॅक्टर आडवा होतो आणि दोघांची कात्री होते. ट्रॉली आधी धरली गेली तर सगळं एका रेषेत ताणून राहतं. दुसरी, ट्रॅक्टरचे डावे-उजवे दोन्ही पेडल जोडणारी पट्टी. शेतात वळायला ती काढून ठेवतात आणि रस्त्यावर लावायची विसरतात. भरल्या ट्रॉलीने वेगात असताना पाय एकाच पेडलवर पडला तर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. नवा सिलिंडर त्यांनी असा बसवला की पट्टी लावल्याशिवाय ट्रॉलीचा ब्रेक पूर्ण दाबलाच जात नाही. आता विसरलो तर पहिल्याच दाबाला पायाला कळतं.

कपलरमध्ये धूळ जाते, हा या पद्धतीचा त्रास. नळीत हवा शिरली की पेडल मऊ लागतं आणि हवा काढत बसावं लागतं. कपलरला रबरी टोपी आहे, ती हरवते. मी आता दोऱ्याने बांधली आहे.

खर्च अ‍ॅक्सलसकट ३५–४० हजारांच्या घरात गेला. साठ एचपीच्या ट्रॅक्टरला वरून जे लाखो घालायचे होते त्याच्यापुढे काहीच नाही. लायनर ड्रमला नीट बसल्यावर गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर भरल्या गाडीने ब्रेक मारून पाहिला. आधी लागायचं त्याच्या निम्म्याहून कमी अंतरात थांबली, आणि मुख्य म्हणजे सरळ थांबली.

ब्रेकनंतर पिन. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणारी पिन ही आमच्याकडे सर्वांत दुर्लक्षित वस्तू. सळईचा तुकडा, वर वाकवलेला, खाली काही नाही. भोक घासून लांबट झालेलं, पिन बारीक, त्यामुळे प्रत्येक गिअरला झटका बसतो आणि झटक्याने भोक आणखी लांबतं. मी नवी कडी घातली, भोकाच्या मापाची पक्क्या पोलादाची पिन घेतली, खाली आडवी लॉकपिन. शिवाय दोन साखळ्या, दांड्याच्या खालून एकमेकींना छेद देऊन. पिन तुटलीच तर दांडा रस्त्यात रुतण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडतो. भाचीने आणखी एक सुचवलं ते केलं: ट्रॉलीच्या हँडब्रेकपासून एक तार ट्रॅक्टरला. ट्रॉली सुटली तर तार ओढली जाऊन ब्रेक लागतो, मग तार तुटते.

पिन कुठे अडकवायची यावर आमच्या पारावर एकदा जोरदार वाद झाला. काही जण चिखलात ट्रॉली रुतली की साखळी वर टॉप लिंकला, म्हणजे अवजार जोडायच्या वरच्या दांड्याला, किंवा लिफ्टच्या हातांना अडकवून ओढतात. हे कधीही करू नका. ओढायची जागा मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापेक्षा खालीच हवी. वरून ओढलं आणि मागचं हललं नाही, तर चाकं जागेवर राहतात आणि ट्रॅक्टरचं तोंड आकाशाकडे उठतं. पूर्ण उलटायला सेकंद-दीड सेकंद लागतो, तेवढ्यात क्लचवर पाय पोचत नाही.

समोरची वजनं हा याच्याच जोडीचा विषय. ट्रॅक्टरच्या एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, नाहीतर स्टिअरिंग फिरतं आणि ट्रॅक्टर फिरत नाही. माझ्या चार चाकी ट्रॉलीत दांड्यावर दाब फारसा येत नाही, पुढे ८ क्विंटल आहेत, चढावर त्यातले थोडे कमी होतात. चालून जातं. दोन चाकी ट्रॉलीवाल्यांनी मात्र बघा. माल पुढे रचला तर पिनीवर पाच-सहा क्विंटल दाब सहज येतो आणि समोरून दोनेक क्विंटल उचलले जातात. त्यात चढ आला की झालंच. त्यांनी बंपरवर वजनं घालावीत किंवा माल अ‍ॅक्सलच्या दोन्ही अंगाला नीट वाटून भरावा.

मागच्या टायरमध्ये पाणीही भरलं. १४.९-२८ च्या टायरमध्ये पाऊण भागापर्यंत भरलं तर दोनशे लिटर मावतं, म्हणजे दोन चाकांना मिळून चार क्विंटल फुकट. थंड देशांत त्यात मीठ-क्षार घालतात म्हणे, गोठू नये म्हणून. आपल्याकडे विहिरीचं पाणी चालतं. भरताना वॉल्व्ह वर ठेवायचा, नंतर वर हवा भरायची. नांगरटीला याचा जास्त फायदा, रस्त्यावर थोडा. ट्रॉलीचे टायर ९.००-१६ चे, त्यातले दोन रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले, होते ते बदलले. दिवे, मागे लाल आणि पुढे पांढरी चमकपट्टी हे सगळं केलंय, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लावा. कपाशीच्या दिवसांत रात्री बिनदिव्याची ट्रॉली रस्त्यात उभी करणाऱ्यांबद्दल मला जे वाटतं ते इथे लिहिता येणार नाही.

कागदपत्रांचं एक. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, विमाही वेगळा लागतो. ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणजे ट्रॉलीचा झाला असं अनेक जण धरून चालतात. आरसीवर ट्रॉलीचं भरलेलं एकूण वजन लिहिलेलं असतं, ते एकदा वाचा. हौद फळ्या लावून दीड फूट उंच केला म्हणून तो आकडा वाढत नाही.

हे सगळं पाहून माझ्या मावसभावाने त्याचा पिकअप आणला. त्याला मागे हूक लावून फवारणीचा मोठा टँकर ओढायचाय. त्याने अमेरिकेतले व्हिडिओ पाहिलेत, तिथे म्हणे पिकअपवाले घराएवढे ट्रेलर ओढतात. ओढतात, पण तिथल्या गाडीवर किती ओढायचं तो आकडा कंपनीने दिलेला असतो, आणि बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांच्या, म्हणजे सुमारे १,३६० किलोच्या, वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. केबिनमध्ये ट्रेलरच्या विजेच्या ब्रेकचा वेगळा कंट्रोलर असतो. ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर यावा असा माल लावतात, त्याहून कमी आला तर ट्रेलर शेपटासारखा डुलायला लागतो. मावसभावाचा बेत बंपरला अँगल वेल्ड करायचा होता. मिस्त्रींनीच नकार दिला. बंपर पत्र्याचा असतो, ओढायचा जोर चासीवर गेला पाहिजे. शिवाय पाणी भरलेला टँकर अर्धा असला की आत पाणी हिंदकळतं आणि ब्रेक मारल्यावर दुसरा धक्का देतं. तो आता लहान टाकी पिकअपच्या हौदातच बसवतोय.

आता चालवण्याबद्दल. घाटाच्या तोंडाशी मी गाडी बाजूला घेऊन थांबतो, पेडल दाबून बघतो, पट्टी बघतो, पिन बघतो. मग ज्या गिअरमध्ये हा घाट भरल्या गाडीने चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरतो. इंजिन घोंघावतं, मागून हॉर्न वाजतात, वाजू देत. न्यूट्रल करून उतरणारे आमच्याकडे कमी नाहीत. विचारलं तर, "डिझेल वाचस ना भो." बऱ्याच ट्रॅक्टरांत चालत्या वेगात गिअर पुन्हा पडतच नाही. न्यूट्रलमध्ये वेग आला की मग फक्त ब्रेक उरतो, आणि ब्रेकचा हिशेब वर दिलाय.

४ जुलै २०२३ ला आपल्याच जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला, ब्रेक निकामी झालेला ट्रक महामार्गावर गाड्यांना ठोकत हॉटेलात घुसला. किमान १० माणसं गेली. त्या ट्रकला निदान ब्रेक होते. आमच्या ट्रॉल्यांना ते नसतातच, आणि शहाद्याकडे उसाच्या हंगामात तर एका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या. त्या समोरून आल्या की मी रस्त्याखाली उतरतो.

राहिलंय ते ट्रॉलीच्या पुढच्या अ‍ॅक्सलचं. तो वळतो, त्यामुळे नळी टर्नटेबलच्या, म्हणजे तो ज्यावर फिरतो त्या चकतीच्या, मधून न्यायला हवी, आणि वळताना पिळून ती फुटू नये यासाठी काय करायचं यावर मिस्त्री आणि भाची यांचं अजून जुळलेलं नाही. मिस्त्री लांब नळी सैल सोडा म्हणतात, ती म्हणते सैल नळी चाकात जाईल. मृगाच्या आधी काहीतरी ठरेल. तोवर रस्ता ओला असला तर मी घाट उतरत नाही. आर्वीला माल ट्रकवर टाकतो, भाडं जातं तेवढं जातं.